हिलाल फाटा

पारोळा सोडलं की अमळनेरच्या रस्त्याला
आधी तिथं नुसता निंब होता.
लोक म्हणायचे, टेंभीचा फाटा, निंबाजवळ.
मग चौथरा आला, वर तो आला,
आणि आता म्हणतात, दोन हिलाल द्या.
एक हिलाल, एक लगेज.
हिलालचे किती झाले, मास्तर?

पुतळा धरणगावच्या मिस्तरीनं केला.
जन्मभर मारुती घडवलेला हात,
म्हणून छाती जरा जास्त भरली,
आणि मिशी आली, जी त्याला नव्हती.
बंदूक त्याच्याहून लांब.
दर पंचवीस जानेवारीला ग्रामपंचायत रंग देते.
बुटांचा काळा ओघळून पायरीवर उतरतो,
तो कुणी पुसत नाही.

तो बर्फात गेला.
इथं मे महिन्यात
त्याच्या गुडघ्याला हात लागला तर चटका बसतो.
दिवाळीनंतर ट्रॅक्टर जिनिंगकडे जातात,
जाळीतून पुंजके सुटतात,
नळीच्या टोकाला अडकतात, खांद्यावर बसतात.
मी काही म्हणत नाही.
कापूसच असतो तो.

कोकिळाबाई अमळनेरला कन्याशाळेत शिपाई.
संध्याकाळी पावणेसहाची गाडी, खिडकी नाही, कडेची जागा.
या रूटला मी नवा होतो तेव्हा विचारलं, कुठं?
"तठेच."
तठे म्हणजे?
"निंबजोडे."
मागून एक म्हातारी माझ्यावरच चिडली,
"नवरानं नाव कशी लेई ती, भाऊ?"

लग्नात घेतलं असेल, घास भरवताना,
उखाण्यात गुंडाळून.
असं उघडं, सुट्ट्या पैशांसोबत, कसं घेणार.

मशीनला नाव लागत नाही, नंबर लागतो.
मी पाच दाबायचो, ती हात पुढं करायची.
वीरपत्नीला पास असतो.
तिच्याकडेही असेल.
तिनं दाखवला नाही, मी मागितला नाही.
रात्री डेपोत गाडी झाडतात तेव्हा
सीटखाली त्याचं नाव वीस-पंचवीसदा निघतं,
चुरगळलेलं, शेंगांच्या टरफलांत.
तिचं तिकीट त्यात नसतं,
एवढं मी पाहून ठेवलंय.

मग रस्ता रुंद झाला.
मोजणीवाले चौथऱ्यावर लाल आकडा टाकून गेले.
निंब एका दुपारी गेला.
हिलालला पोत्यात बांधून क्रेननं उचललं,
तीन महिने तो पंचायतीच्या टँकरशेजारी भिंतीकडे तोंड करून उभा.
पोरं त्याच्या बंदुकीला दप्तरं अडकवायची.
पुढं बसवला तो पलीकडच्या अंगाला,
जुन्या जागेपासून तीनशे पावलं दूर,
मिशी मात्र या वेळी कुणीतरी खरवडून काढली होती.
कोणी सांगितलं, कळलं नाही.

डिसेंबरातली गोष्ट.
ड्रायव्हर बदलीवरचा, चोपड्याचा,
रस्ता गुळगुळीत, अंधार लवकर.
मी मागच्या बाकावर नोटा लावत बसलेलो,
आणि निंब नाही तर खूण कशाची?
गाडी सत्तरनं निघून गेली.

"हिलाल!"

थांबवा नाही, उतरायचंय नाही.
दांडीला धरून उभी, मान पुढं,
अंगणातून कुणाला घरात हाक मारावी
तशी.
सगळी गाडी गप्प.
ब्रेक लागला, डबे घसरले,
एका बाईची मेथीची जुडी पार माझ्या पायाशी आली.

ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला,
कोण हिलाल?
थांबा, म्हणालो मी.
थांबा आहे तो.

ती उतरली. पदर सारखा केला.
तिकीट मुठीत होतंच.
मागं बरंच चालावं लागणार होतं.
मी घंटी द्यायला जरा उशीर केला,
बाहेर ट्रॅक्टरचा उजेड येत होता,
तेवढ्यात ती कडेकडेनं निघालीही.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला विचारलं, कुठं?
"तठेच," म्हणाली.
मी पाच दाबलं.